शेंग, हात, बाटली

१
व्हॅनिलाचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मलूल होतं. तेवढ्या वेळात पराग जागेवर पोचला तर शेंग धरते. नाहीतर दुसऱ्या दिवशी फूल वेलीखाली पडलेलं असतं.

२
ऑर्किडचं कूळ पंचवीस हजारांहून अधिक जातींचं. माणसाने त्यातल्या बऱ्याच लावल्या त्या बघण्यासाठी. फळासाठी शेती होते ती व्हॅनिलाची.

३
बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानात. एक बाई व्हॅनिलाची बाटली हातात घेऊन विचारतात, "दादा, यात अल्कोहोल नाही ना?"
"नाही ताई, बिनधास्त घ्या."
बाटली घेतली. मागे मी होतो. त्याच कंपनीची दुसरी बाटली उचलून लेबल वाचलं. पाणी, प्रॉपिलीन ग्लायकॉल, कृत्रिम स्वाद. अल्कोहोल नव्हतं. व्हॅनिलाही नव्हती.

४
वेलीचं मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावर, व्हेराक्रूझच्या जंगलपट्ट्यात, टोटोनाक लोक शेंगा गोळा करत. अ‍ॅझ्टेक त्या कोकोच्या पेयात घालत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी शेंगा युरोपात नेल्या. पुढे वेलही नेली. युरोपच्या काचघरांत ती वाढली, फुललीसुद्धा. शेंग मात्र धरेना.

५
१८३६. बेल्जियममधलं लिएज. शार्ल मोरेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने काचघरात हाताने परागीकरण करून शेंगा धरवल्या. पद्धत शास्त्रज्ञाच्या हाताला जमणारी होती. मळ्यात ती पोचली नाही.

६
१८४१. हिंदी महासागरातलं रेयुनियन बेट, तेव्हाचं नाव बूर्बों. फेरेओल बेलिए-बोमाँ नावाच्या मळेवाल्याकडे एक जुनी व्हॅनिलाची वेल होती. वर्षानुवर्षं वांझ. एक दिवस तिच्यावर शेंग दिसली. सोबत एडमंड होता, बारा वर्षांचा, गुलाम. तो म्हणाला, हे मी केलं. मालकाचा विश्वास बसला नाही. काही दिवसांनी आणखी एक शेंग दिसली, तेव्हा मालक म्हणाला, करून दाखव.

७
काय केलं होतं? फुलात नर भाग आणि मादी भाग यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. बारीक काडीने तो वर उचलायचा, अंगठ्याने पराग खाली दाबायचे, सोडून द्यायचं. काही सेकंदांचं काम.
पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली. मादागास्कर असो, इंडोनेशिया असो की केरळ, आजही असंच करतात.

८
एडमंडला मग घोडागाडीतून आजूबाजूच्या मळ्यांवर पाठवलं जाऊ लागलं. इतर गुलामांना शिकवायला.

९
१८४८ मध्ये फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामी संपवली. एडमंडला स्वातंत्र्य मिळालं आणि एक आडनाव मिळालं : अल्बियस. जमीन मिळाली नाही. तो सें-देनी शहरात नोकरीला गेला, स्वयंपाकघरात. चोरीच्या आरोपात शिक्षा झाली. पुढे, बेटाला त्याच्यामुळे काय मिळालं आहे याचा विचार होऊन, मुदतीआधी सुटका झाली. बेटाने त्याला काही मानधन द्यावं अशी मागणी झाली होती. मिळालं नाही. १८८० मध्ये सेंत-सुझान इथे तो गरिबीत वारला.

१०
शोध लागल्यावर एका नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाने दावा केला की ही पद्धत आपणच बेटावर येऊन दाखवली होती, मुलाने ती कुठून तरी पाहिली असेल. बेलिए-बोमाँने लेखी उत्तर दिलं : शोध एडमंडचाच. त्याचं हे पत्र नसतं, तर आज आपण वेगळं नाव वाचत असतो.

११
महागड्या शेंगांवर आजही 'बूर्बों व्हॅनिला' असं लिहिलेलं असतं. बूर्बों हे फ्रान्सच्या राजघराण्याचं नाव. अल्बियस हे नाव मी पाहिलेल्या एकाही बाटलीवर नव्हतं.

१२
हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास नसतो. वास देणारं व्हॅनिलिन तिच्यात साखरेला बांधलेलं असतं. शेंग मेली, की आतली विकरं ते बंधन तोडतात.

१३
म्हणून शेंग मारावी लागते. पद्धत अशी :
साधारण ६३ ते ६५ अंशांच्या पाण्यात जेमतेम तीन मिनिटं बुडवतात. जास्त गरम झालं तर विकरंही मरतात आणि वास कधीच येत नाही. गरम असतानाच घोंगड्यांत गुंडाळून पेटीत ठेवतात. शेंगांना घाम फुटतो. दुसऱ्या दिवसापासून रोज काही तास ऊन, मग पुन्हा घोंगडी, पुन्हा पेटी. शेंग चॉकलेटी होत जाते. पुढे काही आठवडे सावलीत सुकवण. शेवटी बंद पेटीत महिनोन्‌महिने मुरवण. अधूनमधून उघडून एकेक शेंग बघायची. बुरशी लागलेली दिसली तर लगेच वेगळी काढायची.
आढीतले आंबे रोज उलटेपालटे करून डागाळलेला बाजूला काढणाऱ्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

१४
फुलापासून शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने. मुरायला आणखी काही महिने. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो सुकी शेंग होते. तिच्यात व्हॅनिलिन साधारण दोन टक्के.

१५
उत्तम मुरलेल्या शेंगेवर कधीकधी पांढरे, सुईसारखे बारीक स्फटिक येतात. नवखा ग्राहक बुरशी समजून परत करतो. ते व्हॅनिलिन असतं.

१६
मावसबहिणीने न्यू जर्सीहून व्हॅनिलाच्या अर्काची बाटली आणली. लेबलवर अल्कोहोल ३५ टक्के. मामींनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "देवघराजवळच्या कपाटात नको गं ठेवूस."
बाटली फडताळात गेली. द्राक्षासवाच्या शेजारी.

१७
आसव आणि अरिष्ट यांत अल्कोहोल बाहेरून घालत नाहीत, ते आतच तयार होतं. द्राक्षं किंवा काढा, गूळ, धायटीची फुलं. भांड्याचं तोंड बंद करून आंबवण. बाटलीवर लिहिलेलं असतं की यात स्वयंजनित अल्कोहोल आहे, बारा टक्क्यांपर्यंत. औषधाचा गुण झाडपाल्यातून ओढून घ्यायला आणि टिकवायला ते लागतं, हे वैद्यांना फार पूर्वी कळलं होतं.

१८
अमेरिकेत 'व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट' हे नाव कुणालाही वापरता येत नाही. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचा नियम आहे : अल्कोहोल निदान ३५ टक्के, आणि एका गॅलनला निदान १३.३५ औंस शेंगा. आपल्या मापात, लिटरला शंभर ग्रॅम. अल्कोहोलऐवजी ग्लिसरीन वापरलं तर शेंगा तेवढ्याच असूनही 'एक्स्ट्रॅक्ट' म्हणता येत नाही, 'फ्लेवर' म्हणावं लागतं. शेंगांच्या अर्कात वरून व्हॅनिलिन मिसळलं तर त्याचं नाव निराळं, आणि तसं बाटलीवर स्पष्ट लिहावं लागतं.

१९
अल्कोहोलच का? व्हॅनिलिन एकटं असतं तर पाण्यातही थोडंफार विरघळलं असतं. पण शेंगेत दोनशेहून अधिक वासद्रव्यं आहेत, राळ आहे, तेलकट अंश आहे. काही पाण्याकडे जातात, काही तेलाकडे. पाणी आणि अल्कोहोल यांचं मिश्रण दोन्ही प्रकार ओढून घेतं. शिवाय नासत नाही. बंद बाटली वर्षानुवर्षं टिकते.

२०
आपल्याकडे व्हिस्की, रम यांसारखं मद्य बहुतेक ४२.८ टक्क्यांचं असतं. व्हॅनिलाचा खरा अर्क त्याच्याहून फार मागे नाही. हे लपवण्यासारखं नाही आणि घाबरण्यासारखंही नाही. लेबलवर ठळक असलं पाहिजे, आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी बाटली ठेवली पाहिजे.

२१
हिशेब. केकमध्ये एक चमचा अर्क : ५ मिलिलिटर. त्यात अल्कोहोल १.७५ मिलिलिटर. भट्टीत सगळं उडून जातं हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्याप्रमाणे, न ढवळता २५ मिनिटं भाजलेल्या पदार्थात सुमारे ४५ टक्के अल्कोहोल उरतं. म्हणजे अख्ख्या केकमध्ये पाऊण मिलिलिटरच्या जरा वर. आठ तुकडे केले तर तुकड्याला एक दशांश मिलिलिटर, दोन थेंब.
ज्याला धर्मामुळे, व्रतामुळे किंवा व्यसन सोडल्यामुळे हे दोन थेंबही नको आहेत, त्याला ते 'उडून जातात हो' असं सांगू नये. खरं सांगावं, ठरवणं त्याच्यावर सोडावं. अल्कोहोल नको असलेल्यासाठी शेंग आहेच. चिरायची, बिया खरवडायच्या, गरम दुधात टाकायच्या.

२२
त्याच तक्त्यातला आणखी एक आकडा. उकळत्या पातेल्यात अल्कोहोल घालून लगेच ते गॅसवरून उतरवलं तर ८५ टक्के उरतं. कस्टर्डमध्ये आपण अर्क शेवटीच घालतो.

२३
१९२० ते १९३३. अमेरिकेत दारूबंदी. बंदीच्या कायद्यातून पदार्थांचे अर्क वगळले होते, ते पेय म्हणून पिण्याजोगे नसतील तर.

२४
१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. फ्राम नसरवानजी बलसारा या मुंबईकराने त्याला आव्हान दिलं. त्यांना जवळ बाळगायच्या होत्या त्या वस्तूंत व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांच्या जोडीला औषधी वाइन आणि ओ-दे-कोलोनही होतं. मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी उचलून धरला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी रद्द ठरवली. नंतरच्या दुरुस्तीत कलम २४ क आलं. त्यात औषधं आहेत, प्रसाधनं आहेत, जंतुनाशकं आहेत आणि खाद्यपदार्थांचे अर्क, इसेन्स आणि सरबतंही आहेत. अट तीच : मादक पेय म्हणून वापरण्याजोगे नसावेत.
तो कायदा महाराष्ट्रात आजही आहे. दारू प्यायला परवाना लागतो. केकला लागत नाही.

२५
१९३०. अमेरिकेत 'जमैका जिंजर' नावाचा आल्याचा अर्क औषध म्हणून मिळे. अल्कोहोल भरपूर, म्हणून गरीब लोक तो पीत. पिता येऊ नये यासाठी सरकारने त्यात आल्याचा घन अंश ठरावीक प्रमाणात असण्याची सक्ती केली होती. एका उत्पादकाने तपासणीला चकवायला आल्याऐवजी प्लास्टिक मऊ करणारं रसायन घातलं. ते विषारी होतं. हजारो माणसांचे पाय लुळे पडले.
भेसळ अल्कोहोलमध्ये नव्हती. आलं असायला हवं होतं त्या जागी होती.

२६
पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने १७९१ मध्ये फिलाडेल्फियाहून पॅरिसमधल्या आपल्या माणसाला लिहिलं की व्हॅनिलाच्या पन्नास शेंगा पाठव, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात घालून आल्या तरी चालतील. फिलाडेल्फियात मिळत नव्हत्या. वेल मेक्सिकोची, शेंगा पॅरिसच्या दुकानातल्या. व्हॅनिला आइस्क्रीमची त्याच्या हस्ताक्षरातली कृती वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात जपून ठेवली आहे.

२७
१८५८ : गोब्ले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शेंगेतून शुद्ध व्हॅनिलिन वेगळं केलं.
१८७४ : टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते पाइनच्या सालीखालच्या रसातल्या द्रव्यापासून बनवलं. हारमानने आपल्या होल्झमिंडेन गावी कारखाना काढला.
एडमंड अल्बियस तेव्हा जिवंत होता.

२८
व्हॅनिलिन आजवर कशाकशापासून काढलं : पाइन. लवंगेचं तेल. कागद कारखान्यातलं लाकडाचं सांडपाणी. खनिज तेल. भाताचा कोंडा. आणि शेण, मायू यामामोतो या जपानी संशोधक बाईंना त्यासाठी २००७ मध्ये इग नोबेल हे गमतीदार संशोधनाचं पारितोषिक मिळालं. लाकडातून व्हॅनिलिन निघतं ते लिग्निनमधून, आणि तेच शेणातही असतं.

२९
कृत्रिम व्हॅनिलिन वाईट नाही. रेणू तोच आहे. नॉर्वेत ते अजूनही स्प्रूसच्या लाकडापासून करतात. गेर्लें या फ्रेंच कंपनीच्या 'झिकी' या १८८९ च्या अत्तरात ते आहे, आणि ते अत्तर आजही विकलं जातं. पोरांच्या वाढदिवसाचे केक त्याच्यामुळे गरिबाच्या घरात पोचले. जगात व्हॅनिलाच्या नावाने जे खाल्लं जातं त्यातलं शेंगेचं एक टक्काही नाही. सगळ्यांना पुरतील एवढ्या शेंगा पृथ्वीवर पिकतच नाहीत.
माझं म्हणणं एवढंच, की बाटलीवर फुलाचं चित्र छापू नये.

३०
खरं-खोटं कसं ओळखतात? वासाने फसगत होते. प्रयोगशाळेत कार्बन मोजतात. खनिज तेल इतकं जुनं की त्यातला किरणोत्सारी कार्बन केव्हाच संपलेला असतो. लाकडातला संपलेला नसतो, पण व्हॅनिलाची वेल हवेतला कार्बन रात्री घेते, निवडुंगासारख्या रोपांच्या रीतीने. त्यामुळे तिच्या व्हॅनिलिनमध्ये जड कार्बनचं प्रमाण लाकडातल्याहून वेगळं येतं. दोन रेणू नाकाला सारखे. कुठून आले ते त्यांच्यातच नोंदलेलं.

३१
ओकच्या पिंपात व्हिस्की वर्षानुवर्षं ठेवतात. पिंपाच्या लाकडातलं लिग्निन हळूहळू सुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन व्हिस्कीत उतरतं.

३२
जुनी पुस्तकं उघडल्यावर गोडसर वास येतो, त्यातही व्हॅनिलिन असतं. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद जुना होताना लिग्निन तुटतं. भारी, चिंध्यांच्या कागदाला हा वास येत नाही. सार्वजनिक वाचनालयातल्या पिवळ्या पडलेल्या कादंबऱ्यांना येतो.

३३
होल्झमिंडेनच्या त्या पहिल्या कारखान्याची वारस कंपनी आज जगातल्या मोठ्या स्वाद-सुगंध कंपन्यांपैकी एक आहे. मादागास्करमध्ये तिचं स्वतःचं केंद्र आहे. तिथे ती शेतकऱ्यांकडून हिरव्या शेंगा विकत घेते.

३४
मादागास्करचा ईशान्य कोपरा, सावा प्रदेश. सांबावा, आंतालाहा, व्होहेमार, आंदापा. जगातली सर्वाधिक खरी व्हॅनिला इथून येते. मार्च २०१७ मध्ये एनावो चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. भाव आधीच चढलेले होते. पुढे किलोला सहाशे डॉलरच्या आसपास गेले. तेव्हाच्या चांदीपेक्षा महाग. २०२० मध्ये सरकारने निर्यातीचा किमान भाव २५० डॉलर ठरवला. २०२३ मध्ये तो काढला. भाव कोसळले.

३५
भाव चढला की वेलीवरच्या शेंगा चोरीला जातात. शेतकरी हिरव्या शेंगेवर टाचण्यांनी आपली खूण टोचून ठेवतो. शेंग सुकून काळी झाली तरी खूण राहते. खरेदीदाराच्या टेबलावर ती वाचता येते.
चोरीच्या भीतीने काहीजण शेंग तयार व्हायच्या आधीच तोडतात. कच्च्या शेंगेत व्हॅनिलिन कमी. मग कारखानदार म्हणतो, खरी व्हॅनिला पूर्वीसारखी राहिली नाही.

३६
सावामधल्या व्हॅनिलाच्या शेतीत मुलं राबतात अशी नोंद आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने केली आहे. परागीकरणाला बारीक बोटं लागतात असं म्हणतात.

३७
केरळ, कर्नाटक, तामिळनाडू. २००० नंतर सुपारीच्या आणि कॉफीच्या बागांत व्हॅनिला चढली. मादागास्करला वादळाने झोडपलं होतं. २००३ च्या सुमारास हिरव्या शेंगांना किलोला तीन हजार रुपयांच्या वर भाव मिळाला. लोकांनी बागेत कुत्री पाळली, रात्रीची राखण ठेवली, कुंपणात वीज सोडली. रोपांच्या कांड्या फुटावर विकल्या गेल्या.
मादागास्करची बाग सावरली. मोठ्या खरेदीदारांनी चढ्या भावाच्या काळात कृत्रिम स्वाद धरला होता, तो सोडला नाही. काही वर्षांत हिरवी शेंग शंभर रुपयांच्या घरात आली. वेली उपटल्या गेल्या.
पुढच्या तेजीला उरलेल्या वेलींचा शोध सुरू झाला. व्हॅनिलाची कांडी लावल्यावर पहिली शेंग यायला तीन वर्षं लागतात. भाव तेवढं थांबत नाही.

३८
हिंदी महासागराच्या बेटांवरच्या बहुतेक वेली मोजक्या रोपांच्या कांड्यांपासून वाढलेल्या आहेत. म्हणजे लाखो वेली, पण आत जवळजवळ एकच झाड. मूळ कुजवणारी फ्युझेरियम बुरशी एका वेलीला भारी पडली तर सगळ्यांनाच पडते.
आपल्या दक्षिणेत आणि श्रीलंकेत व्हॅनिलाची एक रानटी जात आहे, पानं नावापुरती, खोडच हिरवं. अंदमानात दुसरी आहे. बाजाराला त्यांचा उपयोग नाही. रोगाशी झुंजणारी वेल तयार करायची असेल, तर शास्त्रज्ञांना अशाच जातींकडे जावं लागेल. जंगल आधी जाता कामा नये.

३९
पुण्यात १९५६ पासून कस्टर्ड पावडर बनते आहे. मराठी घरांत फ्रूट सॅलडचा जो वास तो व्हॅनिलाचा वास, असं कैक लोकांच्या नाकात पक्कं बसलं आहे. पावडरीत मक्याचा स्टार्च, रंग, स्वाद. अशा लोकांपुढे शेंग धरली तर म्हणतात, "याला वास वेगळाच येतो."

४०
श्रीखंडात केशर घालताना आपण ते कोमट दुधात खलतो. जायफळ ऐनवेळी किसतो. वेलदोडा सोलून ताजा कुटतो, सालं चहाच्या डब्यात टाकतो. केशर खरं आहे का हे दुकानात दोनदा विचारतो. वास कुठून येतो आणि त्याला काय लागतं हे आपल्याला कळतं. फक्त व्हॅनिलाच्या बाबतीत आपण बाटलीचं झाकण उघडतो आणि विचारणं थांबवतो.

४१
एक माणूस सकाळभरात हजार-दीड हजार फुलांचं परागीकरण करू शकतो. हंगामात रोज सकाळी वेलीपाशी जावंच लागतं. रविवारी उमललेलं फूल सोमवारपर्यंत थांबत नाही.

४२
घरी अर्क करायचा असेल तर. शंभर ग्रॅमला एक लिटर हे प्रमाण लक्षात ठेवावं. घरच्या पाव लिटरला पंचवीस ग्रॅम शेंगा. शेंग उभी चिरायची, बिया आतच राहू द्यायच्या. साधी, बिनवासाची व्होडका, शेंगा पूर्ण बुडतील एवढी. काचेची बाटली, अंधारं कपाट, आठवड्यातून एकदा हलवणं. दोन महिन्यांत वापरता येतो. सहा महिन्यांनी चांगला लागतो. उरलेल्या शेंगा सुकवून साखरेच्या डब्यात.
प्रमाण कमी करू नये. तीन शेंगा आणि अख्खी बाटली, हे व्हॅनिला लावलेलं मद्य झालं.

४३
पंचवीस ग्रॅम म्हणजे शेंगेच्या आकाराप्रमाणे सात-आठ-दहा शेंगा. तेवढीच फुलं. तेवढ्याच वेळा कुणीतरी काडीने पडदा उचलून अंगठा दाबलेला.

४४
शेंगा घेताना तीन प्रश्न विचारावेत : कुठल्या, कुणाच्या बागेतल्या, कुठल्या वर्षीच्या. दुकानदाराला बहुधा सांगता येणार नाही. तरी विचारावेत. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की तो घाऊक व्यापाऱ्याला विचारतो, आणि घाऊक व्यापाऱ्याला उत्तर द्यायचं असेल तर शेतकऱ्याचं नाव लिहून ठेवावं लागतं.